लहान चणीची आई

मराठी भाषेने बाळंतपणाला जे शब्द दिले आहेत ते जरा थांबून ऐकण्यासारखे आहेत. बाई 'प्रसूत' होते ती पोथीत आणि इस्पितळाच्या कागदावर. घरात मात्र ती 'मोकळी होते', तिची 'सुटका होते'. 'हातीपायी सुखरूप सुटली' असाच निरोप माहेराहून सासरी जाई, आणि त्यानंतर मुलगा की मुलगी हे सांगितले जाई. या सुटकेच्या उलटचा शब्दही आपल्याच घरातला आहे. बाई 'अडते'. 'अडलेली बाळंतीण' हे दोन शब्द कानांवर पडले की जुन्या बायकांचे हात आपोआप देवापुढे जोडले जात.

महाविद्यालयात मराठी शिकवता शिकवता असे शब्द गोळा करण्याचा मला छंदच लागला आहे. शब्दकोश चाळावा तर ते अर्थ सांगतात. पण ज्या भीतीपोटी ते शब्द जन्मले ती भीती सांगत नाहीत. ही भीती थोड्याफार प्रमाणात प्रत्येक गर्भार बाईच्या वाट्याला येते. परंतु जी मुलगी ठेंगणी आहे, बारीक आहे, जिला शाळेच्या रांगेत नेहमी पहिल्या क्रमांकावर उभे केले होते, तिच्या वाट्याला ती दुप्पट येते. कारण तिच्या भीतीला घरातील प्रत्येक माणूस दुजोरा देत असतो. डोहाळजेवणाला आलेली एखादी मावशी ओटी भरता भरता म्हणते, "एवढीशी पोर, हिला कसं झेपायचं बाई!" शेजारीण नवऱ्याच्या उंचीकडे पाहून हळूच म्हणते, "मूल बापावर गेलं म्हणजे पंचाईत." आणि अलीकडे एक तिसरे वाक्य रूढ झाले आहे. "उगाच कळा कशाला सोसायच्या? आधीच दिवस ठरवून सीझर करून घ्या."

मी स्वतः ४ फूट ८ इंच उंचीची आहे. फळ्याच्या वरच्या निम्म्या भागावर मला आजवर कधी लिहिता आलेले नाही. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा थोडासा अधिकार मला जन्मतःच मिळाला आहे असे समजायला हरकत नसावी.

शेटलंडचे तट्टू आणि शायर घोडी

"बाप सहा फुटी आणि आई चिमणीएवढी, मग मूल बाहेर येणार कसे?" हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. याच प्रश्नाचे उत्तर १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी घोड्यांच्या बाबतीत शोधले. शायर हा इंग्लंडमधील ओझी ओढणारा अवाढव्य घोडा, आणि शेटलंड हे मुलांना बसवायचे चिमुकले तट्टू. त्यांनी शायर घोडीला शेटलंड घोड्यापासून आणि शेटलंड घोडीला शायर घोड्यापासून शिंगरे होऊ दिली. दोन्हीकडे रक्त तेच, निम्मे निम्मे. पण मोठ्या घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू लहान घोडीच्या शिंगरापेक्षा वजनाने सुमारे तिप्पट भरले! शेटलंड आईच्या पोटात वाढलेले शिंगरू बापाच्या मापाने न वाढता आईच्या मापाने वाढले होते. बापाचा मोठेपणा जन्मानंतर हळूहळू दिसू लागला, जन्मापूर्वी नाही.

माणूस म्हणजे काही घोडा नव्हे. आपल्याकडे बापाचाही थोडा वाटा पोटात असतानाच पडतो, आणि लहानखुऱ्या आईला कधी कधी मोठे बाळ होतेही. तरीसुद्धा मूळ नियम आपल्यालाही लागू आहे. आईच्या गर्भाशयातील जागा आणि तिच्याकडून मिळणारे पोषण यांनी गर्भाच्या वाढीला एक प्रकारचा आवर घातला जातो.

निसर्गाची दुसरी एक सोय याहून नवलाची आहे. २०१५ साली बार्बरा फिशर आणि फिलिप मिटरोकर या संशोधकांनी स्त्रियांच्या कमरेच्या हाडांची मापे बारकाईने तपासली. माणूस दोन पायांवर चालू लागल्यामुळे ही हाडे फार रुंद होऊ शकत नाहीत; उलट मेंदू मोठा असल्याने बाळाचे डोके मात्र मोठे. म्हणून मानवी बाळंतपण इतर प्राण्यांपेक्षा अवघड झाले, हे पूर्वीपासून सांगितले जात होते. या दोघांना असे आढळले की ठेंगण्या स्त्रियांच्या हाडांच्या कड्याचे तोंड उंच स्त्रियांच्या मानाने अधिक गोलसर असते, आणि गोल तोंडातून गोल डोके अधिक सुलभपणे जाते. निसर्गाने ठेंगण्या बाईला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही, हे ऐकून मला तरी फार बरे वाटले.

कासाराची विद्या

पूर्वी सणावारी बांगड्या भरायला कासार घरी येत असे. तुमची उंची किती हे त्याने कधी विचारले आहे काय? तो हात हातात घेई, बोटांची पेरे दाबून पाही, अंगठा तळहाताकडे वळवी, आणि पाहताना अशक्य वाटणारी सव्वादोनची बांगडी हातभर करी. हाताची हाडे तीच, बांगडी तीच. पण हात कसा वळतो, किती दबतो, यावर सारा खेळ.

बाळंतपणाचेही पुष्कळसे असेच आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याची आडवी रुंदी साधारणपणे ९.५ सेंटिमीटर असते. आईच्या हाडांच्या कड्याचे वरचे तोंड पुढून मागे सुमारे ११ आणि आडवे सुमारे १३ सेंटिमीटर असते. म्हणजे शिल्लक फार नाही, हे खरे. पण बाळ सरळ बाणासारखे येत नाही. वरच्या बाजूला आडवे माप जास्त असते म्हणून ते डोके आडवे घालून शिरते. खाली येता येता ते वळते. हनुवटी छातीला टेकवून डोक्याचे लहानात लहान माप पुढे करते. बाळाच्या कवटीची हाडे अजून सांधलेली नसतात. ती एकमेकांवर किंचित सरकतात आणि डोके वाटेप्रमाणे आकार घेते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे डोके जरा लांबट दिसते ते यामुळेच. तिकडे आईच्या सांध्यांचे बंधही या दिवसांत सैल पडलेले असतात. ती उभी राहिली, चालली, उकिडवी बसली तर खालच्या तोंडाचे माप थोडे वाढते. जुन्या सुइणी खांबाला किंवा आढ्याला बांधलेल्या दोराला धरून बाईला उकिडवी बसवीत, त्यामागे हा अनुभव होता.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. नुसती उंची पाहून बाळंतपणाचे भविष्य सांगता येत नाही. ठेंगण्या बायकांमध्ये सीझरचे प्रमाण उंच बायकांपेक्षा जास्त असते, ही गोष्ट अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळली आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. आपल्याकडील आरोग्य पाहणीत १४५ सेंटिमीटर, म्हणजे ४ फूट ९ इंचांच्या आतील उंची ही 'कमी उंची' म्हणून धरतात. आणि अशा बाईने डॉक्टरच्या नजरेखाली बाळंत व्हावे, हा सल्ला योग्यच आहे. परंतु 'धोका थोडा अधिक' याचा अर्थ 'अशक्य' असा होत नाही. लहान चणीच्या कितीतरी बायका नैसर्गिक रीतीने बाळंत होतात.

मग आधी काही मोजता येत नाही काय? एके काळी क्ष-किरणांनी कमरेच्या हाडांचे फोटो घेऊन मापे काढीत. पुढे लक्षात आले की त्यामुळे शस्त्रक्रिया वाढल्या, पण आईचे वा बाळाचे काही हित झाल्याचे दिसले नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या बाळाच्या वजनातही शंभरामागे दहा-पंधराची चूक इकडेतिकडे होऊ शकते. हाडे आणि डोके यांचा मेळ बसतो की नाही, याची खरी परीक्षा प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावरच होते.

ही परीक्षा डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागते. १९७२ साली आफ्रिकेतील आजच्या झिंबाब्वे देशात फिल्पॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्यासाठी एक साधा तक्ता प्रचारात आणला. आडव्या रेघेवर तास आणि उभ्या रेघेवर गर्भाशयाचे तोंड किती उघडले ते. रेघ योग्य गतीने चढत राहिली तर थांबायचे. ती ठरलेल्या मर्यादेच्या पलीकडे रेंगाळली तर दूरच्या दवाखान्यातील सुइणीने बाईला वेळीच मोठ्या इस्पितळात धाडायचे. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियात ३५,००० वर बाळंतपणांवर हा तक्ता पडताळून पाहिला, तेव्हा लांबलेली बाळंतपणे आणि त्यानंतरचे जंतुसंसर्ग कमी झालेले दिसले. २०२० साली त्याची सुधारलेली आवृत्तीही निघाली, कारण प्रत्येक बाईने तासाला एक सेंटिमीटर या वेगाने पुढे गेलेच पाहिजे असे नाही, हे मध्यंतरी स्पष्ट झाले होते. बाळ आणि आई ठीक असतील तर थोडा अधिक धीर धरायला हरकत नाही.

जुन्या काळच्या गोष्टी

"आमच्या वेळी कुठं होती ही सोनोग्राफी? आम्ही काय बाळंत झालो नाही?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. माझी आजीही तेच म्हणे. तिची उंची माझ्याहून इंचभर कमीच. आठ बाळंतपणे तिने माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत शेगडी, धुरी आणि सुईण यांच्या भरवशावर काढली. पण तिची धाकटी बहीण पंधराव्या वर्षी अडली आणि तिसऱ्या दिवशी गेली, हे आजी फक्त एकदाच बोलली. ज्या सुटल्या त्यांनी आपल्या गोष्टी नाती-पणतींना सांगितल्या. ज्या सुटल्या नाहीत त्यांच्या गोष्टी सांगायला कोण राहिले होते?

सुश्रुतसंहितेत 'मूढगर्भ' म्हणून अडलेल्या गर्भाचे प्रकार आणि त्यावरचे उपाय दिले आहेत. म्हणजे हे दुःख किती जुने! युरोपात सतराव्या शतकात चेंबर्लेन घराण्याने चिमट्याचा शोध लावला आणि धंद्यासाठी तो पिढ्यान् पिढ्या गुप्त ठेवला. पोट उघडून मूल काढण्याची शस्त्रक्रिया जुनी असली तरी पूर्वी तीतून आई क्वचितच वाचे. १८८२ साली जर्मनीतील माक्स झेंगर यांनी गर्भाशयाची जखम नीट शिवण्याची पद्धत सांगितली, पुढे जंतुनाशके, भूल, रक्त देण्याची सोय आणि प्रतिजैविके आली, आणि तेव्हा कोठे ही शस्त्रक्रिया माणसाच्या हितासाठी झाली.

आपल्या पुण्याला या कथेत एक हळवे स्थान आहे. आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. ते मूल दहाच दिवस जगले. त्याच दुःखातून डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला असे सांगतात. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पदवी घेतली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र! १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यातच त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना बावीसही पुरी झाली नव्हती. 'पहिली स्त्री डॉक्टर' म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. ती चौदा वर्षांची बाळंतीणही आपल्या ध्यानात असावी.

कारण लहान चणीची बाई आणि लहान वयाची मुलगी यांत फार मोठा भेद आहे. मुलगी उंचीला वाढायची थांबली तरी कमरेची हाडे त्यानंतरही काही वर्षे रुंदावत असतात. चौदा-पंधराव्या वर्षी ती पुरती तयार नसतात. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याच्या कायद्यावरून याच पुण्यात केवढा गदारोळ उडाला होता! १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, आणि १९७८ साली ते अठरा झाले. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या शंभरांपैकी जवळजवळ २२ मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. ही बातमी वाचून 'आपल्या घरात असं नाही' म्हणून पान उलटू नये.

दुसरे कारण अंधाराचे आणि उपासमारीचे. लहानपणी ऊन आणि पुरेसे अन्न मिळाले नाही तर हाडे मऊ राहतात आणि कमरेचे कडे चेपते. कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाईंनी १९२८ साली पडद्याची चाल आणि मातृत्व यांवर एक पुस्तकच लिहिले. उन्हात काम करणाऱ्या गरीब बायका सहज बाळंत होत आणि पडद्यात वाढलेल्या सुखवस्तू घरच्या बायका अडत, हे त्यांचे मुख्य सांगणे होते. आपल्या मुलींना अंगणात, मैदानात खेळू देणे हा त्यांच्या भावी बाळंतपणाचाच एक उपचार आहे.

कमी खाल्ले तर?

लहान चणीच्या गर्भारणीला मिळणारा सर्वांत घातक सल्ला म्हणजे, "जरा बेतानं खा, म्हणजे मूल लहान राहील आणि सहज सुटशील." हा सल्ला देणाऱ्यांच्या मनात माया असते, पण तो पोटातील जीवाच्या मुळावर येतो.

याविषयीचे मोठे काम पुण्यातच झाले आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय हे १९१२ पासूनचे. १९४४ साली डॉ. बानू कोयाजी तेथे आल्या तेव्हा ते एक लहानसे प्रसूतिगृह होते. त्यांनी ते पाचशेहून अधिक खाटांपर्यंत वाढवले आणि सत्तरीच्या दशकात वढूसारख्या खेड्यात आरोग्यसेविकांचे काम उभे केले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच १९९३ साली केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बायकांची गर्भारपणापूर्वीपासून नोंद ठेवण्यास सुरुवात केली. या बायकांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर म्हणजे पाच फूट, आणि वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते. शेतात राबणाऱ्या या बायकांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या जवळपास भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळे त्या मानाने ३.५ किलोची.

लहान आईचे मूल लहान, एवढेच असते तर चिंता नव्हती. पण या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान राहिले होते आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार. अशा मुलांना मोठेपणी मधुमेहाचा धोका अधिक, असे हे संशोधन सांगते. म्हणजे मुद्दाम उपाशी राहून लहान ठेवलेल्या मुलाला आपण जन्माची वाट रुंद करून देत नाही. आयुष्याची वाट मात्र अरुंद करून ठेवतो. याच अभ्यासात ज्या बायका पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेत त्यांची बाळे अधिक बाळसेदार निघाली. मेथी, चाकवत, राजगिरा, माठ! आपल्या मंडईत ज्या जुड्या आपण नाक मुरडून बाजूला सारतो त्याच.

उलट दुसरे टोकही सांभाळायचे आहे. 'दोन जीवांची आहेस' म्हणून दिवसभर तूप-साखर, लाडू आणि पेढे चारण्याचीही गरज नाही. गर्भारपणात रक्तातील साखर वाढली तर बाळ अवाजवी मोठे होते, खांदे रुंद होतात, आणि लहान चणीच्या आईला नेमके तेच अवघड जाते. म्हणून साखरेची तपासणी एकदा सुरुवातीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करून घ्यावी. ती टाळू नये.

तिघींची बाळंतपणे

आता थोडे घरचे. २००७ साली मला दिवस गेले तेव्हा मी एका दवाखान्यात नाव घातले होते. तेथे पहिल्याच भेटीत, मी खुर्चीवर बसण्यापूर्वीच, मला नखशिखांत न्याहाळून सांगण्यात आले, "तुमचं सीझरच करावं लागेल." तोवर वजन पाहिले नव्हते की रक्त तपासले नव्हते. घरी सर्वांना ते पटले, कारण माझ्या सासरी सगळे पुरुष दाराच्या चौकटीखालून वाकून जाणारे. पटले नाही ते फक्त सासूबाईंना. त्या म्हणाल्या, "अगं, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या. लागलं तर करायचंच आहे, पण आधी बघू तरी देत." मग दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सारे तपासले आणि एवढेच म्हटले, "आज काही सांगता येणार नाही. वाट पाहू. शस्त्रक्रियेची सोय शेजारच्या खोलीत आहे." त्या एका वाक्याने माझा अर्धा घोर गेला. अकरा तासांच्या कळांनंतर माझी मुलगी नैसर्गिक रीतीने झाली. वजन २ किलो ७०० ग्रॅम.

माझी धाकटी बहीण माझ्याहून सहा-सात इंचांनी उंच. तिच्याबद्दल कोणालाच काळजी नव्हती. तिच्या बाळाचे तोंड मात्र आकाशाकडे राहिले, डोके वळेना, आणि शेवटी तिचे सीझर करावे लागले. उंचीचा तक्ता आमच्या घरात असा उलटा लागला.

तिसरी हकिगत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची. तीही माझ्याच उंचीची. सातव्या महिन्यात ती घरी आली आणि म्हणाली, "मॅडम, घरी सगळ्यांनी मुहूर्त काढलाय. अमुक दिवशी सकाळी सीझर केलं तर पत्रिका उत्तम पडते म्हणे. मला मात्र कळा येईपर्यंत थांबायचंय. पण भीतीही वाटते." मी तिला कुठलाच कौल दिला नाही. डॉक्टरांना काय विचारायचे ते तेवढे एका कागदावर लिहून दिले. तिच्या डॉक्टरांनी थांबायला संमती दिली. कळा आल्या, तोंड आठ सेंटिमीटर उघडले, आणि पुढे तासन् तास काही हलेना. बाळाचे ठोके मंदावू लागले तेव्हा तिला शस्त्रक्रियेसाठी नेले. बाळ आणि ती दोघेही सुखरूप. पण बाराव्या दिवशी मी बाळ पाहायला गेले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. "मला जमलं नाही, मॅडम."

मला त्या वाक्याचा राग आला; तिचा नव्हे, तिच्या तोंडी ते घालणाऱ्यांचा. शंभर वर्षांपूर्वी हीच मुलगी माझ्या आजीच्या बहिणीच्या वाटेने गेली असती. आज ती पलंगावर बसून मुलाला पाजते आहे. यात न जमण्यासारखे काय आहे? ज्या वाटेने मूल आणि आई दोघे जिवंत राहिले ती वाट योग्यच होती.

सीझरची भीती आणि सीझरची घाई

या गोष्टीला दुसरी बाजू आहे तीही सांगितली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील शंभर बाळंतपणांपैकी २५ हून अधिक सीझरने झालेली दिसतात. त्यापूर्वीच्या पाहणीत ती सुमारे २० होती. देशभर पाहिले तर सरकारी इस्पितळांत हे प्रमाण शंभरात १४ आणि खाजगी दवाखान्यांत ४७! सरकारी इस्पितळांत जाणाऱ्या बायका सरसकट उंच असतात असे काही नाही. मग हा फरक केवळ हाडांचा नव्हे हे उघड आहे. वेळेचा, पैशाचा, मुहूर्ताचा, कोर्टकचेरीच्या धास्तीचा आणि आपल्या सर्वांच्या अधीरपणाचा वाटा त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली म्हटले आहे की एखाद्या समाजातील सीझरचे प्रमाण शंभरात दहापर्यंत वाढते तोवर माता-बालकांचे मृत्यू घटतात. त्यापुढे वाढल्याने मृत्यू आणखी घटत असल्याचे दिसत नाही. गरज असता सीझर हे वरदान आहे. गरज नसता ते पोटावरची मोठी शस्त्रक्रिया आहे. तीत रक्त जाते, जखम भरायला वेळ लागतो, आणि पुढच्या गर्भारपणात वारेच्या जागेचे धोके वाढतात. तरी एकदा सीझर झाले म्हणजे पुढे नेहमी सीझरच, असेही नाही. सोयींनी सज्ज इस्पितळात आणि योग्य देखरेखीखाली पुढचे बाळंतपण पुष्कळदा नैसर्गिक होऊ शकते.

घरच्यांसाठी थोडेसे

लहान चणीच्या लेकी-सुनेसाठी घरच्यांनी काय करावे? पहिले म्हणजे, तिसरा महिना संपण्यापूर्वी नाव घालावे आणि उंची, वजन, रक्त, साखर यांची नोंद करून घ्यावी. बाळंतपणासाठी अशी जागा निवडावी की जेथे शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय रात्री-अपरात्रीही आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली चाल गोड आहे, पण माहेर आडगावी असेल तर शेवटचा महिना तरी शहरात काढावा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. तो क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ हवा.

डॉक्टरांना पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. बाळाचे डोके खाली आहे ना? तुम्ही सीझर सुचवता ते नेमक्या कोणत्या कारणाने? कळा येईपर्यंत थांबले तर कोणता धोका आहे? कळा चालू असताना मला चालता-फिरता येईल काय? माझ्याजवळ घरची एक बाई थांबू शकेल काय? शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. बाळंतिणीजवळ आपले माणूस असले की बाळंतपण सुकर होते, हे आता जागतिक आरोग्य संघटना आणि आपले सरकार दोघेही मान्य करतात. आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक होते. पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र घड्याळाकडे आणि पंचांगाकडे न पाहता तडक निघावे.

आणि शेवटचे मागणे थोरल्या बायकांकडे. ओटी भरताना तुमच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात ते त्या मुलीबरोबर प्रसूतीच्या खोलीपर्यंत जातात. 'एवढीशी पोर' हा शब्द तेवढा घरी ठेवा. तिची उंची तिला जन्मापासून ठाऊक आहे. नारळ ओटीत घालताना एवढेच म्हणा, "कशीही हो, पण सुखरूप सुट. आम्ही आहोत."